विश्लेषण : पेणचे भाऊ महाजन कोण होते? ‘प्रभाकर’ने मराठी वृत्तपत्राला काय दिले?

लोकहितवादींची ‘शतपत्रे’ शाळेच्या पुस्तकापासून स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे भेटतात. ती पत्रे ज्या साप्ताहिकात छापून आली, त्या ‘प्रभाकर’चे नाव एका गुणाच्या प्रश्नापुरते पाठ केले जाते. मात्र ती छापायची, आणि पुढच्या आठवड्यालाही छापायची, असे ठरवणारा संपादक कुठला, हे विचारले तर फार थोडे लोक उत्तर देतील. तो मूळचा पेणचा. गणपतीच्या मूर्ती, पोहे आणि पापड यांच्या यादीत पेणने कधी आपल्या या संपादकाचे नाव घातले नाही. १८४१ मध्ये त्याने सुरू केलेल्या साप्ताहिकाने मराठी वृत्तपत्रात काय बदलले, आणि त्याची किंमत काय होती, हे समजून घेण्यासारखे आहे.

भाऊ महाजन म्हणजे नेमके कोण?

त्यांचे मूळ नाव गोविंद विठ्ठल कुंटे. जन्म १८१५ चा, तत्कालीन कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील पेणचा. घराण्याकडे पेणची महाजनकी होती, म्हणून कुंट्यांचे ‘महाजन’ झाले आणि गोविंदरावांचे ‘भाऊ महाजन’. महाजनकी हे पेठेचे वतन. बाजार भरवणे, व्यापाऱ्यांना पेठेत वसवणे, देवघेवीतले वाद पाहणे ही महाजनाची कामे आणि त्याबद्दल मिळणारे हक्क हे त्याचे उत्पन्न. म्हणजे घरात बाजाराची भाषा होती आणि चार प्रकारच्या माणसांचे ऐकून घेण्याची सवयही.

एक गोंधळ इथेच दूर करायला हवा. मुंबईच्या संग्रहालयाला ज्यांचे नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड वेगळे. दोघे एकाच शहरातले, एकाच काळातले आणि दोघेही ‘भाऊ’, म्हणून लिहिताना बोलताना गल्लत होते. भाऊ दाजी हे डॉक्टर, प्राच्यविद्येचे अभ्यासक आणि भाऊ महाजनांहून वयाने लहान. भाऊ महाजन हे संपादक, आणि आयुष्याचा कर्तबगारीचा काळ त्यांनी त्याच एका कामात घालवला.

पेणहून मुंबई गाठण्याचे कारण काय?

भाऊ तीन वर्षांचे असताना, १८१८ मध्ये पेशवाई संपली. त्यानंतरच्या वीस वर्षांत उत्तर कोकणाचे तोंड पुण्याकडून मुंबईकडे वळले. पेण ही जुनी पेठ. घाटावरचे बैलांचे तांडे इथे माल आणत आणि परतताना मिठागरांचे मीठ भरून नेत. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तसा हा व्यापार आणखी वाढला. भोगावतीच्या मुखाशी असलेल्या अंतोरे बंदरातून मचवे, पडाव धरमतरच्या खाडीत उतरत आणि पुढे मुंबईला जात. दक्षिणेला रोह्याचेही असेच. कुंडलिकेच्या खाडीतून तिथला तांदूळ मुंबईला जाई. आज पेण आणि रोहा एका रेल्वेमार्गावर आहेत, आणि कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते स्थानक रोहाच. तेव्हा मात्र दोन्ही गावांना जोडणारी खरी वाट होती ती खाडीची आणि समुद्राची. पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही बंद.

या वाटेने तांदूळ आणि मीठ गेले, तशी शिकू इच्छिणारी मुलेही गेली. गावात पंतोजींची शाळा होती, पण इंग्रजी शिकायचे तर मुंबईला पर्याय नव्हता. भाऊंचे शिक्षण एल्फिन्स्टनमध्ये झाले. तिथेच १८३४ पासून बाळशास्त्री जांभेकर शिकवत होते. भाऊ त्यांच्या वर्तुळात वाढले.

या पिढीने आणखी एक गोष्ट जवळून पाहिली. १८३९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करण्यात आले. १८४० मध्ये वारस नसल्याचे कारण सांगून आंग्र्यांचे कुलाबा संस्थान कंपनी सरकारने खालसा केले. अलिबाग ते पेण हे अंतर किती, हे रायगडकरांना सांगायला नको. ‘प्रभाकर’ निघाले ते याच्या पुढच्या वर्षी.

‘प्रभाकर’आधी मराठी वृत्तपत्रे नव्हती का?

होती. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्रींनी ‘दर्पण’ सुरू केले. त्याची आठवण म्हणून राज्यात ६ जानेवारी हा पत्रकार दिन पाळला जातो. पण ‘दर्पण’ द्विभाषिक होते, शेजारी शेजारी मराठी आणि इंग्रजी स्तंभ असलेले. इंग्रज अधिकाऱ्यांना एतद्देशीयांचे मन कळावे आणि एतद्देशीयांना युरोपातली विद्या कळावी, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. ते १८४० मध्ये बंद पडले. त्याच वर्षी ४ जुलैला ‘मुंबई अखबार’ निघाले. ते पूर्ण मराठी होते.

त्यानंतर २४ ऑक्टोबर १८४१ रोजी भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ निघाले. भाऊ तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. ‘पहिले’ हा मान त्यांच्या वाट्याला कोणत्याच अर्थाने येत नाही, आणि त्यांची आठवण पुसट होण्याचे हेही एक कारण असावे. आपल्याकडे पहिल्याचा पुतळा होतो, ज्याने ते काम नेटाने वीस वर्षे चालवले त्याचा होत नाही. ‘प्रभाकर’ चालले ते १८६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत. त्या काळातल्या मराठी पत्रांचे सरासरी आयुष्य पाहिले तर हा पल्ला मोठाच म्हणायचा.

दुसरा फरक वाचकाचा. ‘दर्पण’ एका डोळ्याने इंग्रजांकडे पाहत होते. ‘प्रभाकर’ इंग्रजांसाठी नव्हतेच. ते मराठीत लिहिलेले, मराठी वाचणाऱ्याला उद्देशून, आणि त्यात इंग्रजांविषयी लिहायचे ते त्यांच्या पाठीमागे लिहिल्यासारखे, म्हणजे अधिक मोकळेपणाने. कंपनीच्या राज्यात देशातला पैसा बाहेर कसा जातो, इथला कारागीर का बुडतो, अधिकारी लोकांशी कसे वागतात, हे प्रश्न या पत्राने मांडले. फ्रान्समधल्या राज्यक्रांतीचा इतिहासही त्याने मराठी वाचकांना लेखमालेतून सांगितला. राजा गेला तर पुढे काय होते, हा प्रश्न तेव्हा महाराष्ट्रात पुस्तकातला नव्हता. सातारा आणि कुलाबा डोळ्यांसमोर होते. अशा वेळी पॅरिसची गोष्ट कोणत्या कानांनी ऐकली गेली असेल, याचा अंदाज करता येतो.

असे पत्र त्या काळी चालत कसे असे?

आज बातमी हातात यायला फोन उघडण्याचा अवकाश. १८४१ मध्ये मुंबईत रेल्वे नव्हती (बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी), तारयंत्र नव्हते, आणि सर्वत्र एक दर असलेले टपालही नव्हते. ते १८५४ मध्ये आले. त्याआधी अंतर वाढेल तसे टपालहशील वाढे. मुंबईबाहेरच्या ग्राहकाला वर्गणीशिवाय हा भुर्दंड वेगळा. त्यामुळे एक अंक एका घरी थांबत नसे. तो हातोहात फिरे आणि वाचता येणारा एक जण न येणाऱ्या दहांना वाचून दाखवी. पत्राचा खरा वाचकवर्ग वर्गणीदारांच्या वहीत कधीच दिसत नसे.

बातमी येण्याचे मार्गही ठरलेले. इंग्रजी पत्रांतले उतारे, बोटीने आलेली विलायतेची खबर, सरकारी जाहिरनामे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पत्रे. पगारी बातमीदार ही कल्पनाच नव्हती. गावोगावचे कारकून, शिक्षक, वकिली करणारे, व्यापारी आपल्याकडची हकीकत लिहून पाठवत. तीच बातमी, तेच मत आणि बऱ्याचदा तीच तक्रार. आज तालुक्याचा वार्ताहर जे काम करतो त्याचे मूळ या पत्रलेखकांत आहे. फरक इतकाच की त्यातले बरेच जण टोपणनावाने लिहीत.

छपाई दोन तऱ्हांची. एक शिळाछाप, म्हणजे मजकूर हाताने लिहून दगडावर उतरवायचा आणि त्याचे ठसे काढायचे. दुसरी खिळे जुळवून. देवनागरीतल्या जोडाक्षरांमुळे खिळ्यांचा संच इंग्रजीच्या कितीतरी पट मोठा लागे आणि असे खिळे ओतणारे कारागीर मोजके. जो संपादक, तोच बहुधा छापखान्याची चिंता करणारा, तोच वर्गणी मागणारा. वर्गणी थकवण्याची परंपरा मराठी पत्रांइतकीच जुनी आहे. त्या काळचे कोणतेही पत्र काढा, थकलेल्या पैशांचे रडगाणे त्यात सापडतेच.

कायदा काय होता?

इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. १८३५ मध्ये हंगामी गव्हर्नर जनरल चार्ल्स मेटकाफ यांच्या काळात कंपनीच्या मुलखातले छापखान्यांवरचे जुने परवान्याचे निर्बंध उठले. त्याजागी आलेला कायदा साधा होता. नियतकालिक काढणाऱ्याने दंडाधिकाऱ्यासमोर जाऊन छपाईची जागा आणि छापणारा-प्रकाशक कोण हे जाहीर करायचे, आणि प्रत्येक छापील कागदावर त्यांची नावे द्यायची. आधी परवानगी लागणार नाही, पण छापल्यावर कोणाला धरायचे हे सरकारला माहीत असेल. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टायपात आजही जी ओळ असते, तिचा उगम हा.

लिहिणारा नाव लपवू शकत होता. छापणाऱ्याला ती सोय नव्हती. ‘प्रभाकर’चे मोठेपण आणि ‘प्रभाकर’ची जोखीम या दोन वाक्यांत आहे.

‘शतपत्रे’ छापण्यात संपादकाचा वाटा काय?

१९ मार्च १८४८ रोजी ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने एक पत्र आले. लिहिणारे होते गोपाळ हरि देशमुख. वय पंचवीस, मूळ आडनाव शिधये, पुण्याचे रहिवासी आणि सरकारी नोकरीत. पुढची दोनेक वर्षे ही पत्रे येत राहिली आणि त्यांची संख्या १०८ झाली. पुढे ती ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली. पत्रे एकशे आठ आणि नाव शंभराचे, हा प्रश्न परीक्षेत आवर्जून विचारला जातो.

त्या पत्रांत काय होते हे एकदा वाचून पाहण्यासारखे आहे. पेशवाई का बुडाली, याचे कारण लोकहितवादींनी इंग्रजांच्या कपटात न शोधता आपल्या आळसात आणि अज्ञानात शोधले. अर्थ न कळता पाठांतर करणाऱ्या भटजींवर आणि भिक्षुकीवर जगणाऱ्यांवर त्यांनी असे कोरडे ओढले की आजही वाचताना वाचक चमकतो. विधवांचे पुनर्विवाह, मुलींची लग्ने लहानपणी लावण्याची चाल, हुंडा, खोटा जातीचा अभिमान, व्यापाराबद्दलचा तिटकारा असे एकेक विषय घेत ते पुढे जात. आपल्याच देशात तयार झालेला माल वापरावा हे त्यांनी स्वदेशीच्या चळवळीच्या अर्धशतक आधी लिहिले. इंग्रजांचे राज्य हे शाळेसारखे आहे, शिकून झाले की लोक आपला कारभार आपण मागतील, इथे पार्लमेंट असावे, आणि राज्यकर्ते अन्याय करू लागले तर अमेरिकेत झाले तसे होईल, असाही विचार त्यात आहे. कंपनीच्या नोकराने लिहिलेले हे.

आता भाऊ महाजनांच्या जागी बसून पाहावे. पत्र पुण्याहून आलेले आहे. लेखकाचे खरे नाव छापायचे नाही. मजकूर असा की पत्राचे जे वर्गणीदार, म्हणजे मुख्यतः लिहिता-वाचता येणारे, पुष्कळसे ब्राह्मण, त्यांनाच तो बोचणार. वर्गणीदार आधीच मोजके आणि त्यातले निम्मे थकलेले. एखादे पत्र छापून पाहिले, ओरड झाली, आणि पुढचे मागे ठेवले, असे करण्याला कोणीही नावे ठेवली नसती. भाऊंनी १०८ छापली.

ते लोकहितवादींच्या प्रत्येक मताशी सहमत होते म्हणून छापली, असे समजण्याचे कारण नाही. भाऊंची स्वतःची लेखणी इंग्रजांच्या कारभारावर अधिक तिखट चाले. लोकहितवादींचा रोख स्वजनांवर अधिक होता. एकाच पत्राच्या पानांवर हे दोन्ही सूर शेजारी नांदले. मराठी वृत्तपत्रात वाचकांच्या पत्रव्यवहाराला जे स्थान आहे, ज्यात संपादकाला न पटणारेही छापले जाते, ते तिथे ठळकपणे आकाराला आले. ‘प्रभाकर’चे श्रेय द्यायचे तर पहिले याचे.

त्या वर्षाकडे जरा आजूबाजूनेही पाहता येते. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्याच वर्षी पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने ग्रंथालय उभे राहिले, आज ते पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखले जाते. पुढच्या वर्षी, १२ फेब्रुवारी १८४९ रोजी पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ निघाले. शाळा, वाचनालय आणि वृत्तपत्र ही तीन कामे एकाच शहरात दीडेक वर्षाच्या अंतराने उभी राहिली. मात्र त्या शहराशी त्या काळातला सर्वांत खडा वाद घातला जात होता तो मुंबईत छापल्या जाणाऱ्या आणि पेणच्या माणसाने चालवलेल्या पत्रातून.

जोखीम खरोखर किती होती?

याचे उत्तर नंतर घडलेल्या दोन खटल्यांत मिळते. १८६२ मध्ये मुंबईत ‘महाराज लायबल केस’ गाजली. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनी वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या वर्तनावर लिहिले. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. करसनदास जिंकले, पण त्याआधी जातीचा बहिष्कार आणि कोर्टाची पायरी दोन्ही वाट्याला आले. धर्माच्या नावाने चालणाऱ्या गोष्टींवर देशी भाषेत लिहिण्याची किंमत ही होती. आणि हा खटला ‘शतपत्रे’ छापून झाल्यावर बारा वर्षांनी झाला. भाऊंच्या वेळी निकालाचा असा आधारही नव्हता.

दुसरा खटला १८८२ चा. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने मजकूर छापला. ज्या पत्रांच्या आधारावर तो छापला होता ती कोर्टात बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. पत्रे दुसऱ्यांनी पुरवली, तुरुंगात संपादक गेले. दुसऱ्याच्या कागदाची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठी पत्रकारितेत नाही.

राज्यकर्त्यांकडूनही धोका होताच. १८५७ चा उठाव सुरू होताच जून महिन्यात सरकारने वर्षभरासाठी छापखान्यांवर परवान्याची सक्ती पुन्हा आणली. मेटकाफने दिलेली मोकळीक एका फटक्यात गेली. इंग्रजांवर सोळा वर्षे टीका करत आलेल्या पत्राला तो काळ कसा गेला असेल, हे सांगायला नको. वर्ष सरल्यावर कायदा संपला. ‘प्रभाकर’ त्यानंतरही काही वर्षे चालू राहिले.

‘धूमकेतू’ आणि ‘ज्ञानदर्शन’ कशासाठी?

‘प्रभाकर’ चालू असतानाच भाऊंनी १८५३ मध्ये ‘धूमकेतू’ काढले आणि १८५४ मध्ये ‘ज्ञानदर्शन’. नावांकडे पाहिले की माणसाचा स्वभाव कळतो. बाळशास्त्रींचा दर्पण, म्हणजे आरसा, जे आहे ते दाखवणारा. भाऊंचा प्रभाकर म्हणजे सूर्य, उजेड पाडणारा. आणि धूमकेतू? जो दिसला की राज्यावर संकट येते असे लोक मानत, तो शेंडेनक्षत्र. कंपनी सरकारची सनद नूतनीकरणाला आलेल्या वर्षी पत्राला असे नाव देणे हा निव्वळ योगायोग मानला तरी गमतीचा आहे.

१८५३ हे वर्ष तसे धामधुमीचे. आदल्या वर्षी जगन्नाथ शंकरशेट आणि मंडळींनी बॉम्बे असोसिएशन स्थापन करून लंडनच्या पार्लमेंटकडे गाऱ्हाणी मांडली होती. रेल्वे धावू लागली होती. त्या वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या भोसल्यांच्या गादीला वारस उरला नाही आणि १८५४ मध्ये तेही राज्य खालसा झाले. इतक्या बातम्यांना एक साप्ताहिक पुरेना, हे समजण्यासारखे आहे.

‘ज्ञानदर्शन’चा मार्ग वेगळा. त्यात बातम्या नव्हत्या, निबंध होते. आठवड्याला संपणारा मजकूर एकीकडे आणि सावकाश वाचायचा मजकूर दुसरीकडे, अशी वाटणी भाऊंनी केली. मराठी निबंधाच्या आरंभकाळात त्यांचे नाव घेतले जाते ते यामुळे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ येण्याला अजून वीस वर्षे होती. तीन नियतकालिके एकाच माणसाने चालवणे किती काळ जमणार? ‘धूमकेतू’ आणि ‘ज्ञानदर्शन’ यांना ‘प्रभाकर’एवढे आयुष्य लाभले नाही.

त्यानंतर भाऊंचे काय झाले?

१८६२ मध्ये ‘इंदुप्रकाश’ निघाले आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे विद्यापीठातून बाहेर पडलेले पदवीधर त्यात लिहू लागले. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, म्हणजे भाऊंच्या पिढीला ती पदवी मिळणे शक्यच नव्हते. संपादकाची खुर्ची आता दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांकडे गेली, ज्यांच्यामागे संस्था होत्या, सहकारी होते. एकट्याने पत्र चालवण्याचा काळ सरत होता. ‘प्रभाकर’ही याच सुमारास थांबले.

भाऊ महाजन नागपूरला गेले. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी तिकडेच काढली आणि १८९० मध्ये नागपुरातच त्यांचे निधन झाले. तोवर ‘केसरी’ला नऊ वर्षे झाली होती, पुण्यात ‘सुधारक’ निघत होते, आणि कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेले ‘दीनबंधु’ सत्यशोधकांचे म्हणणे मांडत होते. यातल्या प्रत्येक पत्रात कोणी ना कोणी टोपणनावाने लिहीत होते. लोकहितवादी त्यानंतर दोन वर्षांनी, १८९२ मध्ये गेले. त्यांची पत्रे पुस्तकरूपाने निघाली, पुन्हा पुन्हा छापली गेली, आणि ती मूळ ज्या अंकांत होती ते अंक मात्र अभ्यासकांपुरते उरले.

पेण-रोह्यात वृत्तपत्रे कधी आली?

भाऊंनी पत्र काढले ते मुंबईत. छापखाना, कागद, टपाल, ग्राहक सगळे तिथे. जिल्ह्याच्या ठिकाणी पत्र निघायला आणखी पंचवीसेक वर्षे जावी लागली. ठाण्यात १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ निघाले, रत्नागिरीत १८७१ मध्ये ‘सत्यशोधक’. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ मध्ये. मुख्यालय अलिबागला आले, कोर्ट-कचेऱ्या आल्या, आणि त्यांच्यामागोमाग पत्रेही. १८८३ च्या सरकारी गॅझेटियरमध्ये अलिबागहून निघणाऱ्या दोन मराठी साप्ताहिकांची नोंद आहे, ‘सत्यसदन’ आणि ‘अबलामित्र’. दोन्ही शिळाछाप. ‘अबलामित्र’ हे नाव पाहून लक्षात येते की स्त्रियांचा प्रश्न तोवर तालुक्या-जिल्ह्यापर्यंत उतरला होता.

पेणला स्वतःचे साप्ताहिक मिळाले ते ‘सुधाकर’. भाऊंचा प्रभाकर म्हणजे सूर्य, त्यांच्या गावचा सुधाकर म्हणजे चंद्र. नाव ठेवणाऱ्याच्या मनात हे होते की नाही कोण जाणे, पण जुळून आले खरे. मुंबई सरकार १८६८ पासून देशी भाषांतल्या पत्रांचा साप्ताहिक गुप्त सारांश तयार करून घेई, आणि त्यात पेणच्या ‘सुधाकर’चा मजकूरही इंग्रजीत उतरवला जाई. भोगावतीच्या काठावर छापलेली तक्रार मुंबईच्या सचिवालयात वाचली जात होती. पुढे पेणहून ‘कुलाबा समाचार’ही निघे. चरीच्या शेतकरी संपाच्या काळात नारायण नागू पाटलांच्या चळवळीतून १९३७ मध्ये अलिबागला ‘कृषीवल’ सुरू झाले.

रोह्याची ओळख चिंतामणराव देशमुख आणि पांडुरंगशास्त्री आठवले या नावांनी होते, वृत्तपत्राच्या नावाने नव्हे. तिथे बाहेरची पत्रे येत आणि वाचली जात. भाटे सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांनी ती परंपरा धरून ठेवली. वृत्तपत्राच्या इतिहासात छापणाऱ्या गावांचीच नोंद होते. बाकड्यावर बसून एक अंक आळीपाळीने वाचणाऱ्या गावांची होत नाही, जरी पत्रे जगत ती त्यांच्यावरच.

आज कायदा काय सांगतो?

१८३५ च्या कायद्याची जागा पुढे १८६७ च्या प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स अ‍ॅक्टने घेतली आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतरही पाऊणशे वर्षे टिकला. पेण किंवा रोह्याहून साप्ताहिक काढायचे तर प्रकाशकाला आणि मुद्रकाला जिल्हा वा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांसमोर जाऊन घोषणापत्र करावे लागे. २०२३ मध्ये संसदेने त्याऐवजी नवा कायदा केला आणि १ मार्च २०२४ पासून तो लागू झाला. शीर्षक मिळवणे आणि नोंदणी आता ऑनलाइन होते, दंडाधिकाऱ्यांसमोरची ती फेरी संपली. हा कायदा छापील नियतकालिकांपुरता आहे. बातम्यांची संकेतस्थळे आणि ई-माध्यमे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांखाली येतात आणि त्यांना तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरणाऱ्या निनावी मजकुराखाली मात्र मुद्रक-प्रकाशकाची ओळ नसते. छापील पत्राच्या शेवटच्या पानावर, तळाशी, ती अजूनही असते.